शुक्रवारची फुकटची, रविवारची पैशाची

लग्न होऊन नळदुर्गला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी मला कळलं की या घरातला टीव्ही स्वयंपाकघरात आहे. पिठाच्या डब्याशेजारच्या फळीवर, वरून प्लॅस्टिकचा कागद घातलेला. बैठकीची खोली सोडून तो आत का, हे नव्या सुनेनं विचारावं की नाही ते मला समजेना, म्हणून मी राहू दिलं. तो शुक्रवार होता. संध्याकाळचे सात वाजत आले तशी सासूबाईंनी तव्यावरची शेवटची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, हात पदराला पुसले, कागद काढून त्याची नीट घडी घातली आणि टीव्ही लावला. मला वाटलं, एखादी मालिका बघत असतील. पडद्यावर आधी धूर आला, मग फटाके उडाले आणि त्या धुरातून कमरेपर्यंत केस सोडलेला एक उघडाबंब गोरा माणूस चालत आला.

सासूबाई पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बस की. उभं किती ऱ्हाशील?"

आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणं मी त्यांना आत्या म्हणायची. आत्यांचं माहेर आळंदचं, पलीकडं कर्नाटकातलं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, रोज सकाळी पूजा केल्याशिवाय पाणीसुद्धा न पिणारी बाई. तिनं परदेशी पैलवानांची ती आदळआपट मान पुढं काढून बघावी, हे मला खरंच वाटेना. मी कडेला बसले. तेवढ्यात दुसरा पैलवान आला, त्याच्यासाठी पुन्हा फटाके उडाले, आणि आत्यांनी टीव्हीकडं बघतच विचारलं, "हे काय उडवत असतील गं? नुसतं भुईतनं वर येतंय."

हे मात्र मला माहीत होतं. माझं माहेर तेरखेड्याजवळचं. तिथं निम्म्या गावाचा दिवस फटाक्यांच्या दारूत जातो, माझ्या वडलांचाही जायचा. मी म्हटलं, "भुईनळ्यासारखंच असतंय आत्या. फक्त नळा लोखंडी असंल आणि वात विजेवर पेटवत असतील. धूर पांढरा हाय म्हणजे दारू चांगली हाय."

आत्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "तुला लई कळतंय की," म्हणाल्या. त्या घरातलं माझं आणि त्यांचं पहिलं खरं बोलणं ते. त्यानंतर कुणी फटाके उडवत आला की त्या टीव्हीचा आवाज कमी करून मला विचारायच्या आणि मी सांगायची.

हळूहळू सगळं कळत गेलं. सासऱ्यांचं हायवेवर टायरचं दुकान होतं. ट्रकचं चाक खोलून ठेवलेलं असताना ड्रायव्हर लोकांनी कंटाळू नये म्हणून त्यांनी दुकानात टीव्ही ठेवला होता. आत्या दुपारी त्यांचा डबा घेऊन जायच्या आणि रिकामा डबा हातात घेऊन कुस्ती संपेपर्यंत दाराशी उभ्या राहायच्या. बसायला खुर्ची होती, पण गड्यामाणसांत त्या कधी बसल्या नाहीत. माझ्या लग्नाच्या आधीच सासरे गेले. दुकान माझ्या नवऱ्यानं हातात घेतलं. तोवर ड्रायव्हरांकडं आपापले मोबाइल आले होते, दुकानातल्या टीव्हीकडं कुणी बघत नव्हतं. नवऱ्यानं तो घरी आणला आणि आईला विचारलं, कुठं ठेवू. आत्या म्हणाल्या, मी जिथं असते तिथं ठेव.

घराच्या पत्र्यावर टीव्हीची फुकटची छत्री होती. एकदा बसवली की महिन्याला काही द्यायचं काम नाही. तिच्यावर भजनं लागायची, जुने हिंदी सिनेमे लागायचे, बातम्या लागायच्या, आणि एका वाहिनीवर शुक्रवारी ही कुस्ती. ती ताजी नसायची, दोन-तीन दिवसांची शिळी असायची. आत्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी पैलवानांना आपली नावं दिली होती. त्या लांब केसवाल्याला त्या जटावाला म्हणायच्या. त्याच्यावर त्यांचा जीव होता. दुसरा एक सात फुटी, ढेरपोट्या, भुवया जुळलेला. त्याला त्या गुड्ड म्हणायच्या. मला हिंदीतला बाहुला वाटला आणि मी खूप हसले. मग त्यांनी सांगितलं, कानडीत गुड्ड म्हणजे डोंगर. तेव्हा आम्ही दोघीही हसलो.

अडचण एकच होती. शुक्रवारच्या कुस्तीत कधी काही निकाली लागायचं नाही. नुसती भांडणं, धमक्या, मध्येच तिसरा येऊन खुर्ची मारणार, आणि शेवटी निवेदक ओरडून सांगणार की यांची मोठी लढत रविवारी. ती मोठी लढत आमच्या छत्रीवर यायची नाही. ती पैसे भरून घ्यायच्या वाहिनीवर असायची. पुढच्या शुक्रवारी बघावं तर जिंकणाऱ्याला मिळणारा पट्टा दुसऱ्याच्याच खांद्यावर, कुणाच्या तरी डोक्याला पट्टी. मधलं सगळं गायब.

मी एकदा नवऱ्याला म्हटलं, "त्यांना ती रविवारची वाहिनी घेऊन द्या की."

तो टायरचा काळा हात साबणानं घासत होता. म्हणाला, "खोटं असतंय ते. आधी ठरवून मारतात. फुकट हाय तवर ठीक हाय, खोट्याला पैसे कोण देतंय?"

आत्यांनी हे ऐकलं. त्या रविवारी दुपारी आम्ही दोघी अंगणात तूर निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी आपण होऊनच सांगायला सुरुवात केली. कोण आधी आला, कुणी कुणाचा पाय धरला, पंच कसा मध्ये आला आणि आडवा झाला. इतकं बारीक सांगत होत्या की मला वाटलं, शेजारी कुठंतरी जाऊन बघून आल्या.

"कुणाकडं बघितलंत आत्या?"

"कुणाकडं न्हाय."

"मग कसं कळलं?"

तुरीतला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. "आधीचं शुक्रवारी दाखवतात. नंतरचं पुढल्या शुक्रवारी दाखवतात. मधलं काय अवघड हाय?"

तेव्हापासून रविवारची लढत मी आत्यांच्या तोंडून ऐकत आले. त्यात त्या ओळखीची माणसं घालायच्या. पंच आमच्या गल्लीतल्या रेशनवाल्यासारखा, बघूनही न बघितल्यासारखं करणारा. जटावाल्याची आई गावाकडं एकटी, तिला त्यानं सांगितलेलंच नाही की आपण मार खातो. हे असलं कुठल्या वाहिनीवर दाखवत नाहीत हे मलाही माहीत होतं. पण मी "मग?" म्हणायची आणि त्या पुढं सांगायच्या.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. चौथ्या महिन्यात एका सकाळी पोटात कळ आली आणि सोलापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. मी आतल्या खोलीत पडून असायची. गल्लीतल्या बाया येऊन जायच्या. वय हाय अजून, होईल की, असं म्हणायच्या, आणि मी भिंतीकडं तोंड करायची. नवरा दाराशी येऊन उभा राहायचा आणि काही न बोलता दुकानाला जायचा. आत्या कढत पेज आणायच्या, मी प्याले की वाटी घेऊन जायच्या. त्यांनीही आठ दिवस त्या विषयावर एक शब्द काढला नाही. मला वाटलं, मनातून रागावल्या असतील.

नवव्या दिवशी रविवार होता. आदल्या शुक्रवारी मी टीव्हीसमोर बसले नव्हते, पण आवाज ऐकू आला होता. जटावाला आणि गुड्ड यांची पट्ट्यासाठीची लढत रविवारी ठरली होती. आत्या पेज घेऊन आल्या आणि वाटी रिकामी झाल्यावर गेल्या नाहीत. खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या, पाठ भिंतीला टेकून.

"आज मोठी लढत झाली," त्या म्हणाल्या.

मी भिंतीकडंच तोंड करून होते.

"गुड्डानं त्याला उचलला गं. डोक्यावर धरला आणि दोरखंडाच्या भाईर फेकला. भाईर गादी न्हाय, नुसती फरशी. पडला तो तसाच पडला. भाईर पडला म्हणजे पंच धापर्यंत मोजतो. धाच्या आत आत यायचं, न्हायतर हरला. पंचानं मोजाय घेतलं. एक."

बाहेर हायवेवरच्या ट्रकचे आवाज येत होते.

"दोन. त्याला वाटतंय, हितंच बरं हाय. फरशी गार हाय. हितं कोण मारत न्हाय. तीन. लोक ओरडाय लागले, ऊठ ऊठ म्हणून. त्याला त्यांचा राग येतोय. यांचं काय जातंय म्हणायला. चार. त्याला आईची आठवण आली. पाच. रडला. त्याचं त्याला रडू आलं, लागलं म्हणून न्हाय. सहा."

मीही रडत होते. आत्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या समोरच्या कपाटाकडं बघत मोजत राहिल्या. प्रत्येक आकड्याला त्यांच्याकडं काहीतरी होतं. सातला तो गुडघ्यावर आला, आठला पुन्हा पडला.

"नवाला उठला," त्या म्हणाल्या.

खूप वेळानं मी विचारलं, "जिंकला का?"

"ते काय दिसलं न्हाय मला. उठला, एवढं दिसलं."

वाटी घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी त्या संध्याकाळी उठून केस धुतले. पुढच्या शुक्रवारी पाटावर त्यांच्याशेजारी बसले, तर पट्टा गुड्डाच्या खांद्यावर होता. मी आत्यांकडं बघितलं. त्या जराही न गडबडता म्हणाल्या, "हरला असंल मग. पण उठला होता."

नंतर मला मूल झालं नाही. त्यावरून या घरात मला कधी कुणी बोललं नाही. आत्यांनीच मला बी.एड. करायला लावलं आणि गावातल्या एका खासगी शाळेत मराठी शिकवायला मी जाऊ लागले. शुक्रवारची कुस्ती मात्र आम्ही सोडली नाही. पैलवान बदलले, जटावाल्याचे केस पिकले, मग तो यायचाच बंद झाला. मी शाळेतून आले की आत्या आठवड्याच्या राहिलेल्या गोष्टी मला सांगायच्या.

मग एका शुक्रवारी सात वाजता त्या वाहिनीवर भांडी घासायच्या पावडरीची लांबलचक जाहिरात लागली आणि कुस्ती आलीच नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. शाळेतल्या संगणकाच्या बाईंना विचारलं तेव्हा कळलं की आता सगळीच कुस्ती, शुक्रवारची आणि रविवारचीही, मोबाइलच्या एका ॲपवर गेली आहे, आणि तिथं महिन्याचे पैसे भरावे लागतात. फुकटात फक्त तुकडे मिळतात, दोन-दोन मिनिटांचे. मी आत्यांना माझ्या मोबाइलवर एक तुकडा दाखवला. त्यांनी तो हात लांब धरून बघितला, संपल्यावर परत दिला. "नुसती फोडणी दिली, भाजी कुठाय?" म्हणाल्या. पैसे भरायचं मी मनात ठेवलं होतं, आज-उद्या करत राहून गेलं.

त्यानंतर चार महिन्यांनी आत्यांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी पूजेला बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले तर उजव्या कुशीवर कलंडलेल्या. सोलापूरच्या दवाखान्यात अकरा दिवस होत्या. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं.

घरी आणल्यावर पंधराएक दिवसांनी बोलणं परत आलं. पण आलं ते कानडीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होतं, कधीकधी लहानपणची भाषा आधी येते आणि नंतर शिकलेली मागं राहते, कधी येते, कधी येत नाही. ऐकताना ते सोपं वाटलं. पण एका सकाळी मी त्यांना बशीत चहा ओतून पाजत होते आणि त्या "बिसी, बिसी" म्हणायला लागल्या. मला वाटलं, बशी म्हणतात. मी दुसरी बशी आणली. त्यांनी डाव्या हातानं ती ढकलली आणि डोळे भरून आले. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बिसी म्हणजे गरम. भाजत होतं तिला."

अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढलेल्या दोन बाया, आणि मला चहा गरम आहे एवढंही कळू नये, याचं मला फार लागलं.

डॉक्टरांनी हाताचे व्यायाम शिकवून पाठवलं होतं. रोज तीनदा उजवा हात उचलून द्यायचा आणि त्यांना स्वतः खाली टेकवायला सांगायचं. आत्या करायच्याच नाहीत. हात माझ्या हातात मऊ पडून राहायचा आणि त्या खिडकीकडं बघत राहायच्या. असे दोन महिने गेले. एका शनिवारी दुपारी शाळेतून येऊन मी ॲपचे पैसे भरले. संगणकाच्या बाईंनी एक वायर दिली होती, ती लावली की मोबाइलमधलं टीव्हीवर दिसतं, पण आमच्या जुन्या टीव्हीला ती लागेना. मग मी मोबाइलच पिठाच्या डब्याला टेकवून आत्यांच्या खाटेसमोर स्टुलावर ठेवला.

रविवारी सकाळी मोठी लढत ताजी, चालू असताना दिसते, हे मला तेव्हा कळलं. तिकडं शनिवारची रात्र असते, इकडं उजाडत असतं. आत्यांना मी उशा लावून बसवलं. फटाके उडाले. त्यांनी ते बघितले, मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांना विचारता येत नव्हतं. मी म्हटलं, "भुईनळेच हायत आत्या. पण धुरात रंग घातलाय आता."

तासभर त्या हलल्या नाहीत. नवरा दुकानाला निघाला होता, दारात थांबला. "पैसे भरलेस?"

"भरले."

"त्याला?"

"व्हय. त्यालाच."

आईच्या तोंडाकडं त्यानं बघितलं आणि चपला काढून आत येऊन बसला.

ॲपमध्ये जाहिराती नव्हत्या. हे चांगलं असेल असं मला वाटलं होतं, पण आत्या दमून गेल्या. पूर्वी जाहिरात लागली की त्या उठून कणीक झाकायच्या, पाणी प्यायच्या, मला काहीतरी विचारायच्या. इथं सलग मारामारी. त्यांचे डोळे मिटायला लागले तसं मी बोट लावून ते थांबवलं. नेमका एक पैलवान दोरावरून उडी मारून हवेत होता. तो तसाच हवेत राहिला. आत्यांनी डोळे उघडले, त्याच्याकडं बघितलं, घाबऱ्या झाल्या आणि डावा हात हलवत म्हणाल्या, "इळिसु. इळिसु."

नवरा हसायला लागला. मला म्हणाला, "खाली उतरव म्हणती त्याला."

मी पुन्हा चालू केलं. तो खाली आदळला आणि आत्यांनी सुस्कारा टाकला.

त्या दिवसापासून मला कानडीची वाट सापडली. पैलवानाची पाठ टेकली की पंच गादीवर हात आपटून तीन मोजतो, तीनपर्यंत उठला नाही तर हरला. तेव्हा आत्याही डाव्या हातानं खाटेवर मोजायच्या. ओंदु, एरडु, मूरु. मीही म्हणायला लागले. मग एक दिवस मी त्यांचा उजवा हात उचलून उशीवर धरला आणि डावा माझ्या मांडीखाली अलगद दाबून ठेवला. त्यांना राग आला. पडद्यावर पंच गादीवर वाकला, मोजायला लागला, आणि आत्यांना राहवेना. ओंदुला काही झालं नाही, एरडुला काही झालं नाही. मूरुला त्यांची दोन बोटं उशीवर टेकली. मी टेकवली नव्हती. महिनाभरानं मनगटापासून हात उचलायला लागला. दुपारी जुन्या लढती लावून आम्ही रोज तीस-चाळीस वेळा मोजायचो. दुसऱ्या महिन्याचे पैसे भरायला मी गेले तर ते आधीच भरलेले होते. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "बघ की, चालू हाय ना?" आणि विषय बदलला.

जुन्या लढती शोधता शोधता एका रविवारी मला ती सापडली. जटावाला आणि गुड्ड, पट्ट्यासाठी. तीच ती, जी तेव्हा आम्हाला बघायला मिळाली नव्हती. लावावी की नको, मी बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी लावली.

जटावाल्याला बघताच आत्यांचा चेहरा उजळला. काळे केस, तरणाबांड. घंटा वाजली. गुड्डानं त्याला एकदा दोरावर ढकललं, परत येताना छातीवर हात मारला, तो पाठीवर पडला आणि गुड्ड त्याच्यावर पालथा पडला. पंचानं तीन मोजले. संपलं. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्याला बाहेर फेकलंच नाही. धापर्यंत कुणी मोजलं नाही. तो उठला नाही.

मी आत्यांकडं बघितलं. त्यांना आठवत असेल का, हेही मला माहीत नव्हतं. त्या पडद्याकडं बघत होत्या. मग त्यांनी मोठ्यानं, स्पष्ट सांगितलं, "इदु सुळ्ळु."

मी नवऱ्याकडं बघितलं.

"हे खोटं हाय म्हणती," तो म्हणाला. "कधी न्हाय ते आज पटलं तिला."

आत्यांनी उजवा हात, जेवढा उचलत होता तेवढा उचलला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. तोंडाची डावी बाजू हसत होती. मी तो हात दोन्ही हातांत धरून बसले. नवऱ्याला काही कळलं नाही. मग मी त्याला पहिल्यांदा ते सगळं सांगितलं, खाटेच्या पायथ्याशी बसून आत्यांनी मोजलेले नऊ आकडे, जेवढे आठवले तेवढे. तो ऐकताना खाली बघत होता. म्हणाला, "मला तवा काय बोलावं ते सुचत नव्हतं. दाराशी यायचो नि जायचो."

"माहीत हाय मला."

आईकडं बघत तो म्हणाला, "तुला आणखी एक सांगू? तू यायच्या आधी या घरात कानडीच चालायची. मी, अव्वा, आबा, सगळे. तू आलीस तसं अव्वानं मला बजावलं, आता घरात कानडी बोलायची न्हाय. नवीन पोरगी हाय, तिला वाटाय नको की आपल्याबद्दल बोलतात म्हणून. मला लई जड गेलं. तिला किती गेलं असंल."

अकरा वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आत्या आमच्या दोघांकडं बघत होत्या. आम्ही मराठीत बोलत होतो, त्यांना किती कळत होतं कोण जाणे. त्यांनी पाणी मागितलं, "नीरु." हे मला येत होतं. मी उठून आणलं.

याला आता वर्ष होत आलं. ॲपचे पैसे आम्ही दर महिन्याला भरत नाही. मोठी लढत असेल त्या महिन्याला भरतो, एरवी फुकटचे तुकडे बघतो. ते बघून झाले की मधलं काय झालं असेल ते नवरा आत्यांना विचारतो आणि त्या कानडीत सांगतात. त्याला एवढ्या सवडीनं आईजवळ बसलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. मला त्यातलं निम्मं कळतं. मराठी थोडी थोडी परत येते आहे, पण नेम नाही. एखाद्या दिवशी देवाचा श्लोक पूर्ण म्हणतात आणि भाकरीला शब्द सापडत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत मी वहीत कानडी शब्द लिहून पाठ करते. बाकीच्या शिक्षिका हसतात, मग एखादा शब्द आपणच सुचवतात. इथं सगळ्यांनाच थोडी थोडी येते.

परवा शाळा सुटून घरी आले तर आत्या फाटकाशी उभ्या होत्या. काठी भिंतीला टेकवलेली, उजव्या हातानं फाटकाची सळई धरलेली. ओसरीवरून तिथवर पाच पायऱ्या आणि अंगण आहे. कुणी आणलं म्हणून मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यांनी पदर पुढं ओढला होता, तोही त्यांचा त्यांनीच.

मी रागावणार होते, पण त्याच आधी बोलल्या.

"ऊट आतेनु?"

जेवलीस का, असं विचारत होत्या.

"इन्नू इल्ल," मी म्हटलं. अजून नाही.

त्यांनी माझा उच्चार ऐकून तोंड वाकडं केलं आणि काठीकडं हात केला. मी काठी दिली नाही, माझा खांदा दिला. पायऱ्यांपाशी आम्ही दोनदा थांबलो. आत दुपारची आमटी झाकून ठेवलेली होती. ती गरम केली, त्यांना पाटाऐवजी खुर्ची दिली, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो.